मशीनमधली आकाशी रेघ

स्कॅनर चालू केला की आधी आतून घर्र व्हायचं, मग दोनदा टक टक, आणि मग जरा वेळ काहीच नाही. त्या शांततेत माझा जीव टांगणीला लागायचा. नंतर समोरचा हिरवा दिवा स्थिर लागला तर दिवस बरा. तो लुकलुकत राहिला तर कुकर खाली उतरवायचा, हात पुसायचे आणि पेचकस शोधायचा. तो हमखास पोळपाटाखाली सापडायचा.

हा फिल्म स्कॅनर म्हणजे निगेटिव्हवरून फोटो कॉम्प्युटरात घेणारं मशीन. आमच्या ह्यांनी ते हैदराबादहून जुनं आणलं होतं. ह्यांचा बीडमध्ये फोटो स्टुडिओ. बाजार खुला झाला, असं पेपरवाले रोज लिहीत होते. आमच्यापर्यंत त्याचा अर्थ एवढाच पोचला होता की दुसऱ्या देशात वापरून टाकलेल्या वस्तू आता आमच्याकडे नव्या म्हणून येऊ शकतात. लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरीच्या मागे धबधबा हवा, बदामात दोघांची तोंडं हवीत, अशी मागणी सुरू झाली होती. त्यासाठी निगेटिव्ह कॉम्प्युटरात घ्यावी लागे, आणि त्यासाठी हे मशीन.

स्टुडिओ रस्त्यावर. समोरून उसाच्या गाड्या, ट्रक, रिक्षा, आणि त्या सगळ्यांची धूळ. धुळीत हे मशीन आठवडाभरही टिकलं नसतं. म्हणून ते घरी आलं, मधल्या खोलीत, ज्वारीच्या कोठीशेजारी. ज्वारीचीही धूळच असते, हे मी ह्यांना सांगून पाहिलं. हे म्हणाले, घरची धूळ निराळी. मी कोठी ओढून स्वयंपाकघरात नेली आणि पुढचे दोन महिने सगळ्यांची बोलणी खाल्ली.

मशीनची देखभाल माझ्याकडे आली, कारण मी लग्नाआधी आयटीआयला रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड केला होता. नेकनूरहून रोज बसने बीडला यायचे. स्थळ बघताना हे सांगायचं की लपवायचं यावर माहेरी बरीच खलबतं झाली. शेवटी सांगितलं, आणि सासरच्यांना ते शिवणक्लाससारखंच काहीतरी वाटलं. पुढे घरातला टेपरेकॉर्डर मी उघडून बसले तेव्हा कुठे त्यांना कळलं की सुनेला भलतंच काही येतं.

स्कॅनरचे नखरे हळूहळू पाठ झाले. तो कॉम्प्युटरच्या आधी चालू करायचा. नंतर केला तर कॉम्प्युटर त्याला ओळखतच नाही, मानपान चुकलेल्या व्याह्यासारखा तोंड फिरवून बसतो. आतल्या दोन दांड्यांवरचं ग्रीस उन्हाळ्यात वाळून मेणासारखं घट्ट व्हायचं, मग फिल्म पुढे सरकताना धक्के खायची आणि नवरदेवाचा फेटा जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा दिसायचा. ते ग्रीस खरवडून काढायचं आणि नवं लावायचं, तेही नखाच्या टोकावर येईल एवढंच. अंबाजोगाईच्या एका स्टुडिओवाल्यांनी मोठ्या मनाने शिलाई मशीनचं तेल ओतलं होतं. त्याची वाफ आतल्या आरशावर बसली आणि त्यांचे सगळे फोटो धुक्यात काढल्यासारखे येऊ लागले. एका गिऱ्हाईकाने त्यांना विचारलं म्हणे, आमचं लग्न तर अंबाजोगाईतच झालं, मग फोटो महाबळेश्वरचे कसे? ते मशीन पिशवीत घालून बसने आमच्याकडे आले. मी आरसा पुसला, दांड्या पुसल्या आणि तेलाची बाटली घरी कुठे ठेवता तेही विचारून घेतलं.

असे अधूनमधून कुणीकुणी यायचे. बाहेरच्या खोलीत ह्यांच्याशी बोलत बसायचे आणि आत मी मशीन उघडायची. दुरुस्ती ह्यांनी केली असंच पुष्कळांना वाटायचं. ह्यांनी ते कधी नाकारलं नाही आणि मीही कधी बाहेर जाऊन सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर चहा कोण करतंय यावर वाद झाला असता.

घरात तिसरं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. उंच, सडपातळ, कपाळावर भस्म, जीभ धारदार. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. मी मशीन उघडलं की आत्याबाई उंबऱ्याजवळ पाट घेऊन बसायच्या आणि बघत राहायच्या. मशीनच्या पाठीवर हात ठेवून म्हणायच्या, "तापलीय की गं ही. अंग कडक लागतंय." शेजारणींना सांगायच्या, "आमच्या सूनबाई मशिनीचं बाळंतपन करतेत." मला त्याचा राग यायचा नाही. खरं तर बरंच वाटायचं, कारण दिवसभरात माझ्या त्या कामाकडे नीट लक्ष देणारं त्यांच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

मग त्या दारांना धडकू लागल्या. सुईत दोरा अजून एका झटक्यात ओवायच्या, पण चौकटीला खांदा लागायचा. ताटात समोरची भाकरी दिसायची, डाव्या बाजूची चटणी दिसायची नाही, आणि चटणी वाढली नाही म्हणून मला ऐकून घ्यावं लागायचं. आधी मला वाटलं, हे मुद्दाम चाललंय. औरंगाबादला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कळलं, काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, डॉक्टर म्हणाले. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उरलेली आहे ती थेंब घालून जपायची, आणि तीही किती दिवस ते सांगता येत नाही.

परतीच्या बसमध्ये आत्याबाई खिडकीशी बसल्या होत्या. एकेक डोळा झाकून बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "कडंकडंनं अंधार यायलाय बग. मधी तेवढं उजेडाचं ऱ्हायलंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून एक प्लास्टिकची घडी काढली आणि माझ्या हातात दिली. आत निगेटिव्हचा एकच तुकडा होता, एका फोटोचा. "एवडा धुवून दे," त्या म्हणाल्या. आमच्याकडे फोटो धुतातच. छापतात असं कुणी म्हणत नाही.

तो फोटो धर्मापुरीच्या देवळाजवळ काढलेला होता. रंगीत फिल्म तेव्हा नवीनच आली होती आणि परळीच्या कुणा भाच्याकडे कॅमेरा होता. त्याने मामा-मामीला देवळाच्या भिंतीपाशी उभं केलं आणि फोटो घेतला. आत्याबाई आणि सासरे एकत्र असलेला तेवढा एकच फोटो. त्यांच्या लग्नात फोटोवाला नव्हता, आणि नंतर नवरा-बायकोने मुद्दाम उभं राहून फोटो काढायचा असतो हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. धुतलेला फोटो कौतुकाने तलवाड्याला माझ्या नणंदेकडे गेला आणि तिथे भिंतीवरच वाळवीने खाल्ला. उरली ही निगेटिव्ह. तिला बुरशी लागली होती, आणि तुकडा सुटा होता म्हणून लॅबवाला हात लावत नव्हता. त्याच्या मशीनला फिल्मची अख्खी पट्टी लागते. माझ्या मशीनमध्ये सुटा तुकडाही चालत होता.

सासऱ्यांचा एक फोटो घरात होता, हार घातलेला. पण तो कुठल्याशा कार्डावरच्या चिमुकल्या फोटोवरून चित्रकाराकडून मोठा करून घेतलेला. चित्रकाराने त्यांना काळा कोट चढवला होता, गाल भरले होते, मिशी कोरली होती. सासऱ्यांनी जन्मात कोट घातला नव्हता. आत्याबाई रोज त्या फोटोला हात जोडायच्या आणि कधी चिडल्या की म्हणायच्या, "कोन हाय ह्यो कोटवाला?"

"डोळे जायच्या आत एकदा दोघं बगायचेत मला," त्या म्हणाल्या. "एका जागी. देवाघरी जायच्या आत म्हनत न्हाई मी. डोळे जायच्या आत."

मी हो म्हणाले. पंधरा-वीस मिनिटांचं काम, असा माझा अंदाज होता.

नेमकी त्याच सुमाराला नेकनूरला माझी आई पाय घसरून पडली आणि तिचा हात प्लास्टरात गेला. नवरात्राचे दिवस. मी माहेरी गेले आणि दसरा करूनच परत आले. आल्यावर पहिलं काम म्हणून मशीन चालू केलं. घर्र, टक टक, हिरवा दिवा. आत्याबाईंचा तुकडा आत सरकवला आणि आम्ही तिघं कॉम्प्युटरसमोर बसलो. फोटो वरून खाली हळूहळू उलगडत होता. आधी आभाळ, मग दगडी भिंत, मग सासऱ्यांची टोपी. आणि टोपीच्या वरपासून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत, बरोबर त्यांच्या तोंडावरून, एक उभी आकाशी रेघ.

"हे काय?" हे म्हणाले.

"फिल्मवर ओरखडा असंल," मी म्हणाले. दुसरी फिल्म घातली. रेघ होतीच, त्याच जागी. तिसरी घातली, तरी तीच.

तुकडा उलट बाजूने घातला तर रेघ सासऱ्यांवरून निघून आत्याबाईंच्या तोंडावर आली. आत्याबाई म्हणाल्या, "माज्या तोंडावर आली तर चालतंय. त्यांचं तेवडं मोकळं कर." ह्यांनी मात्र डोकं लढवलं. एका वेळच्या फोटोतून वडील घेतले, दुसऱ्या वेळच्या फोटोतून आई घेतली आणि कॉम्प्युटरवर दोन्ही अर्धी मधोमध जोडली. कॉम्प्युटर दोनदा बंद पडला, एकदा लाइट गेली, पण जोडलं. रंग मात्र जुळले नाहीत. वडिलांच्या बाजूला सकाळ वाटत होती आणि आईच्या बाजूला संध्याकाळ. आत्याबाईंनी पडद्याला नाक लावून ते पाहिलं, मधोमध बोट ठेवलं आणि विचारलं, "हितं कापलंय का?"

ह्यांनी हो म्हटलं.

"मंग ह्याच्यात आन त्या कोटवाल्यात काय फरक? ऱ्हाऊ दे," असं म्हणून त्या उठल्या आणि जाताना चौकटीला धडकल्या. मला फार वाईट वाटलं. ह्यांनाही वाटलं असणार, पण ते कॉम्प्युटरवर चिडले.

मग मी रेघेच्या मागे लागले. स्कॅनरच्या आत एक बारीक पट्टी असते. ती एका जागी थांबते, फिल्म तिच्यासमोरून सरकते, आणि पट्टी ओळीमागून ओळ बघत जाते. पट्टीच्या एखाद्या जागी बिघाड झाला तर तो प्रत्येक ओळीत उतरतो आणि फोटोभर रेघ पडते. एवढं मला माहीत होतं. आता रेघ आकाशी म्हणजे हिरव्या-निळ्या रंगाच्या वायरमध्ये काहीतरी गडबड, असं मी धरून चालले आणि तिथेच माझं गाडं फसलं. चपट्या वायरींची टोकं खोडरबराने घासली. मागची जाड केबल बदलली. पिना एकेक करून तपासल्या. अंबाजोगाईवाले आले होते, त्यांनी रेघ बघितली आणि म्हणाले, "पट्टीच मेली हाय वैनी. टाकून द्या, दुसरी घ्या." ज्याने मशीनमध्ये तेल ओतलं त्याचा सल्ला घ्यायची वेळ आली याचंच मला जास्त लागलं.

इकडे आत्याबाईंचे थेंब चालू होते. आता त्या भाकरी थापताना परात चाचपून घेत होत्या. फोटोबद्दल विचारत नव्हत्या. त्यांनी विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

दिवाळीनंतर लग्नसराई लागली. एका दुपारी मी खिडकीशी उभी राहून एका लग्नाची निगेटिव्ह उजेडात धरून बघत होते. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, पांढरे केस, काळे दात, याची सवय झालेली असते. नवरीच्या कपाळावर हिरवट-आकाशी ठिपका होता. असे ठिपके मी शेकड्याने पाहिले होते, कारण तांबडं कुंकू निगेटिव्हमध्ये असंच दिसतं. त्या दिवशी मात्र मी त्या ठिपक्याकडे बघतच राहिले. आत तांबडं असलं की बाहेर आकाशी येतं. मग बाहेर आकाशी रेघ येत असेल तर मशीनच्या आत काय असेल?

पोळ्या तशाच टाकून मी मशीन उघडलं. पट्टीपर्यंत मी आतापर्यंत गेलेच नव्हते. वायरींतच अडकले होते. आरसा काढला, भिंग काढलं, आणि पट्टीवरच्या काचेवर, बॅटरीच्या उजेडात, मोहरीहून बारीक डाग दिसला. व्हीसीआरचं हेड पुसायचं स्पिरिट होतं, त्यात चामड्याचा तुकडा बुडवला आणि काच पुसली. चामडं गुलाबी झालं.

मग बाकीचं सापडायला वेळ लागला नाही. फिल्म घालायची जी फट, तिच्या वरच्या ओठावर हळदीचं बोट उमटलेलं होतं, पुसट. फिल्म सरकवणाऱ्या पट्ट्याखाली पिंजर, म्हणजे कोरडं कुंकू, सांडली होती. आणि मोटरीच्या बाजूला एक तांदळाचा दाणा, अक्षतांचा. मशीन थंड ठेवणाऱ्या पंख्याने आत ओढलेली चिमूटभर पिंजर काचेवर बसली आणि दमट हवेत तिचा रंग तिथे उतरला, एवढाच सगळा बिघाड. खंडेनवमीला कुणीतरी माझ्या स्कॅनरची पूजा केली होती, मनापासून, आणि प्रसाद थेट पोटात घातला होता.

मी आधी हसले. एकटीच, मोठ्याने. मग हिशेब जुळवू लागले आणि हसू थांबलं. खंडेनवमीला मी नेकनूरला होते. हे स्टुडिओत कॅमेऱ्यांची पूजा करून फक्त जेवायला घरी आले होते, आणि ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मी कशाला लावू? मशीनला हात धुऊन-पुसून लावायचा, हे तूच तर डोक्यात भरलंयस." उरलं एकच माणूस. आणि त्या माणसाने कुंकवाच्या करंड्याला हात लावलेला मी लग्न होऊन आल्यापासून पाहिला नव्हता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या की आत्याबाई आतल्या खोलीत गहू निवडत बसायच्या. त्यांना तसं बस म्हणून कुणी सांगत नव्हतं. सांगायची गरजच पडत नव्हती.

मला आडवळणाने विचारता येत नाही. आत्याबाई ओसरीत वाती वळत होत्या, तिथे जाऊन बसले.

"आत्याबाई, खंडेनवमीला मशिनीला कुंकू कुनी लावलं?"

त्यांनी वात पुरी केली. "मी."

"तुमी?"

"कावून? नको लावू?" त्यांनी मान वळवून मला नजरेत घेतलं. "तराजूच्या काट्याला लावतेत, गाडीला लावतेत, नांगराला लावतेत. तू न्हवतीस. तो दुकानात गेलता. हिलाच कुनी इचारलं न्हाई. आन हीच तर त्यांला घिऊन येनार."

मी समोरचा कापूस पिंजू लागले.

"मला लावायचं न्हाई म्हनतेत," त्या म्हणाल्या. "मशिनीला लावू नको म्हनून कुनी सांगितलंय?"

रेघ कशाने आली ते मला सांगावंच लागलं, कारण मी विचारलं कशासाठी, हे त्या विचारल्याशिवाय राहिल्या नसत्या. पिंजर आत गेली, काचेवर बसली, तीच रेघ झाली, असं मी सरळ सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"म्हंजी माज्यामुळं."

"तसं न्हवं."

"बरोबरच हाय. म्हनूनच सांगत्यात, लावू नये. मी लावलं आन त्यांच्याच तोंडावर गेलं." त्यांच्या आवाजात रडू नव्हतं. हिशेब बरोबर लागला की माणूस जसं बोलतं, तशा बोलल्या, आणि तेच मला सहन झालं नाही. मला राग आला. कुणाचा, ते नीट सांगता येणार नाही. त्यांना ज्यांनी ज्यांनी आत बसवलं त्या सगळ्यांचा आला असावा. त्यात मीही होतेच, तिळगूळ वाटत बाहेरच्या खोलीत.

"आत्याबाई, मी लावलं असतं तरी हीच रेघ आली असती," मी म्हणाले. आवाज चढलाच होता. "मशिनीला सवाष्ण-विधवा कळत न्हाई. तिला निस्ती धूळ कळती. अंबाजोगाईवाल्यांच्या बायकूनं लावलं तरी हेच, मी लावलं तरी हेच."

"खरं?"

"चला, दाखवते."

त्यांना हाताला धरून आत आणलं. मशीन उघडंच होतं. गुलाबी चामडं दाखवलं, तांदळाचा दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला. मग काच पुन्हा पुसली, कोरडी केली, भिंग बसवलं, आरसा बसवला, झाकण लावलं. त्या पाटावर बसून सगळं बघत होत्या, आधी माझा एक हात, मग मान वळवून दुसरा. चालू केलं. घर्र, टक टक. मधली शांतता त्या दिवशी फार लांबली असं मला वाटलं. हिरवा दिवा लागला.

फोटो उतरू लागला. आभाळ, भिंत, टोपी, कपाळ, डोळे. रेघ नव्हती. आत्याबाईंनी विचारलं, "गेली का?" मी म्हणाले, "गेली." त्यांनी तांदळाचा दाणा तोंडात टाकला. टाकू नका म्हणेपर्यंत चावलासुद्धा.

संध्याकाळी ह्यांनी बुरशीचे ठिपके काढले. आईचा हुकूम होता, तोंडांना हात लावायचा नाही. त्यामुळे भिंत स्वच्छ झाली, आभाळ स्वच्छ झालं, आणि दोघांच्या गालांवर बुरशीचे दोन-तीन ठिपके राहू दिले. सासरे मी पहिल्यांदाच नीट पाहिले. किडकिडीत, धोतर, टोपी जरा कलती, ऊन डोळ्यावर आलेलं म्हणून कपाळाला आठ्या. शेजारी आत्याबाई, आहेत तेवढ्याच उंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पदर दातात धरायचा की सोडायचा हे ठरवता न आलेल्या. दोघांच्या मध्ये हातभर अंतर. दोघंही कॅमेऱ्याकडे बघत नव्हती; उजवीकडे काहीतरी चाललं होतं, तिकडे बघत होती.

हे फोटो घेऊन स्वतः औरंगाबादच्या लॅबला गेले आणि मोठा करून आणला. चांगला हातभर रुंद, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, वर चकचकीत लॅमिनेशन. आईचे डोळे अधू, तेव्हा जेवढा मोठा तेवढा चांगला, असा ह्यांचा विचार. मलाही तेच बरोबर वाटलं होतं. ह्यांनी कागद फाडला आणि फोटो भिंतीला टेकवून आईसमोर उभा केला. इतका आनंद ह्यांच्या तोंडावर मी क्वचित पाहिला होता.

आत्याबाई पुढे सरकल्या. बघितलं. "हे हायेत," त्या म्हणाल्या. "हेच हायेत." त्यांनी सासऱ्यांच्या गालाला बोट लावलं. बराच वेळ तसंच. मग विचारलं, "आन मी कुटं हाय?"

"ह्या बाजूला, आई."

त्यांनी मान वळवली. "ही मी," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "आता हे गेले."

पुन्हा मान तिकडे. "हे आले." पुन्हा इकडे. "हे गेले."

त्या मागे सरकल्या, भिंतीला पाठ लागेपर्यंत, आणि पुन्हा बघितलं. खोली लहान होती. ह्यांना वाटलं उजेड कमी पडतोय. ह्यांनी दिवा लावला, खिडकी उघडली. मी उभी होते आणि मला कळलं होतं, पण ते बोलून दाखवायची हिंमत माझ्यात नव्हती.

शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "लई मोटा केलास रे बाबा. दोघं मावत न्हाईत माज्या उजेडात. लहान करून दे."

ह्यांनी पोस्टकार्डाएवढा केला. त्यातही नाही. मग स्टुडिओत जाऊन पासपोर्टच्या मापाचा केला आणि कात्रीने कडा काढून आणला. आत्याबाईंनी तो चिमटीत धरला, हात लांब केला, थोडा जवळ आणला, पुन्हा लांब केला आणि तिथे थांबल्या. डोळे हलेनात. आम्ही दोघं बाजूला उभे होतो.

"आले," त्या म्हणाल्या. "दोघं आले."

मग हात खाली न घेता, फोटोवरची नजर न काढता म्हणाल्या, "आता ह्याच्याहून बारके बी काढून ठेव. म्होरं लागतील."

त्याच दुपारी ह्यांनी ते काढून ठेवले, एकाहून एक लहान.